एंडे मोळ एविडे

हैदराबाद
ता. २ डिसेंबर १९३६

ती. सौ. भागम्मा अक्कास,
धाकट्या शिवरुद्राचे शरणार्थ.

अक्का, मला नोकरी लागली. अनंतराव बॅरिस्टर म्हणून एक वृद्ध गृहस्थ आहेत, पॅरिसला आणि लंडनला मिळून वीस वर्षं राहून आलेले. वकिली सोडून आता ते कोश करताहेत. एका रकान्यात फ्रेंच शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात उर्दू आणि चौथ्यात आपली मराठी. मी त्यांच्या चिठ्ठ्या लिहितो. एका शब्दाला एक चिठ्ठी. दुपारी खिडकीतून वारा आला की खोलीभर शब्द उडतात आणि मी ते वेचत बसतो. असं काम मिळेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सध्या आम्ही ‘न कळणारं बोलणं’ या प्रकरणात अडकलो आहोत. इंग्रजीत त्याला गिबरिश म्हणतात, जार्गन म्हणतात. फ्रेंचांकडे तर ढीग आहे: गालिमातिया, शाराबिया, बारागुआं. साहेब हे शब्द खडीसाखरेसारखे तोंडात घोळवतात. चौथा रकाना मात्र रिकामा. मी ‘बडबड’ लिहिलं तर म्हणाले, “बडबड कळते हो. कंटाळा येतो ती गोष्ट वेगळी. मला न कळणारं पाहिजे. तुमच्या सेलूच्या बायका काय म्हणतात ते विचारा.”

म्हणून विचारतो. बोलणं कानावर पडतं पण कळत नाही, अशा बोलण्याला तुमच्यात काय म्हणतात ते सगळं लिही. दाजींना शरणार्थ. जिन सुरू झाला असेल, कापूस कसा आहे?

तुझा
शिवरुद्र

०

सेलू
चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

चि. शिवरुद्र यास अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या दाजींनी दुकानातच फोडून वाचलं, मग मला दिलं. नोकरीचं वाचून त्यांना बरं वाटलं. काय काम हाय ते मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

तू एक शब्द मागतोस, पण आमच्यात एक न्हाई. कोण बोलतंय त्यावर हाय. तापात बोलला तर चावळला म्हणायचं. झोपंत बोलला तर बरळला. लेकरू बोललं तर बोबडं. सासूबाई बोलल्या तर कळो न कळो, मान हालवायची. त्यांचं माहेर बिदरकडचं, राग आला की त्या कानडीत जात्यात. म्हणून कानडीला न कळणारं बोलणं म्हणू नको, आमच्या घरात ते रोजचं हाय.

पण सध्या घरात एक बाई हाय, तिच्या बोलण्याला काय म्हणावं ते मलाबी कळंना. कार्तिकात मी आत्याला गाडीत बसवून द्यायला स्टेशनावर गेले होते. गाडी गेली आन फलाटावर ही बाई पडलेली. अंग तव्यासारखं तापलेलं. तिशीची असंल. कंबरेला पांढरं धोतर, खांद्यावर पांढरं उपरणं, कानाच्या पाळ्या लांब, हातात रिकामा तांब्या. बाकी सामान न्हाई. चौकीवरचा जवान आला, दोन सवाल केले, तिनं जवाब दिला तो कुणाला कळला न्हाई. त्यानं कागदावर ‘दिवाणी’, म्हणजे वेडी, असं लिहिलं आन गेला. मी तिला घरी आणलं. तुझे दाजी म्हणले, आठ दिवस. आता महिना होत आला.

ताप उतरला पण बोली तशीच. म्हणजे चावळणं नव्हतं. सासूबाईंनी कानडीत विचारून बघितलं, तेलंगी जंगमाला बोलावलं, दोघांनी बी मान हालवली. ती सारखी एकच म्हणती: एंडे मोळ एविडे. सासूबाई म्हणल्या, मोळे म्हणजे खिळा, ती खिळा मागायलीय. दिला आणून. तिनं तो हातात फिरवून बघितला, हळूच जमिनीवर ठेवला आन तोंड भिंतीकडं केलं.

दुपारी आमी दोघी परसात बसतो. जिनातून उडालेला कापूस वाऱ्यावर येतो, चिंचेच्या फांद्यांना लागतो, तिच्या केसात बसतो. ती बोलत ऱ्हाती, मी सरकी काढत ऱ्हाते. तिचं बोलणं आडाच्या खोल पाण्यात काहीतरी हलावं तसं वाटतं. बघ, तुझ्या चिठ्ठीवर चालंल का.

तुझी अक्का

०

हैदराबाद
ता. २६ डिसेंबर १९३६

ती. अक्कास शरणार्थ.

तुझ्या पत्रानं इथं बहार आणली. ‘कोण बोलतंय त्यावर आहे’ हे वाक्य साहेबांनी दोनदा वाचायला लावलं. तुझ्या बाईचं वाक्यही मी चिठ्ठीवर घेतलं. ‘गिबरिश’ शब्दाखाली लिहिलं आहे: उदाहरण, सेलू, एंडे मोळ एविडे. आमच्या खाणावळीत मी ते म्हणून दाखवलं आणि आता जेवताना वाढप्याला सगळे तेच म्हणतात. आमटी हवी असली तरी एंडे मोळ एविडे.

एक गंमत सांगतो. जार्गन म्हणजे मुळात पाखरांची किलबिल. आणि इंग्रजाला काही कळलं नाही की तो म्हणतो, हे मला ग्रीक आहे. फ्रेंच म्हणतो, हे चिनी आहे. ग्रीक आणि चिनी माणूस काय म्हणत असेल याचा आम्ही शोध घेत आहोत.

त्या बाईची आणखी आठ-दहा वाक्यं पाठव. जितकी विचित्र तितकी बरी.

तुझा
शिवरुद्र

०

सेलू
ता. १० जानेवारी १९३७

शिवरुद्र यास आशीर्वाद.

वाक्यं पाठवीत न्हाई. ती काय राघू न्हाई.

तू पत्रात सगळं विचारलंस, ती जेवती का ते विचारलं न्हाईस. जेवत न्हाई. भाकर पुढं ठेवली की कुस्करून दोन घास घेती, तेबी माझ्याकडं बघून, माझ्यासाठी घेतल्यासारखं. मनगटं काडीसारखी झाल्यात. त्यात चौकीच्या अमीनसाहेबांचा निरोप आलाय. बेवारशी दिवाणी बाई घरात ठेवता येत न्हाई म्हणे. संक्रांत झाली की हवालदार तिला हैदराबादला वेड्यांच्या दवाखान्यात रवाना करणार. सासूबाई म्हणल्या, बरं झालं. तुझे दाजी जेवताना तिच्या ताटाकडं बघत होते.

परवा दुपारी तिचं ऐकता ऐकता मला परसात झोप लागली. सपनात पायऱ्या होत्या, हिरव्यागार पाण्यात उतरत गेलेल्या. मी आन ती दोघी खालच्या पायरीवर बसलेल्या. मी तिच्याच बोलीत तिला काहीतरी समजावून सांगायले आन तिला सगळं कळायलंय, ती हसायलीय. जागी झाले तर एक शब्द ध्यानात न्हाई. तोंडात चव तेवढी ऱ्हायली.

तू मला इतकं विचारलंस, आता मी एक विचारते. तुझ्या फ्रेंच लोकांकडं न कळणाऱ्या बोलण्याला इतके शब्द हायत. बोलणाऱ्या माणसाला काय पायजे होतं, हे त्यातल्या कुणी कधी बघितलं का? तुझ्या साहेबांना विचार.

अक्का

०

हैदराबाद
ता. १४ जानेवारी १९३७

ती. अक्कास शरणार्थ.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. वगळावंसं वाटलं ते भागही वाचले. मग त्यांनी बारागुआंची चिठ्ठी काढायला सांगितली.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेतॉन म्हणून लोक राहतात, त्यांची बोली निराळी. ते मजुरीला, फौजेत फ्रेंचांच्या गावी येत. दमून भागून खाणावळीच्या दाराशी उभे राहत आणि म्हणत, बारा, ग्विन. बारा, ग्विन. फ्रेंच लोक हसत आणि नक्कल करत. त्यातूनच बारागुआं शब्द आला म्हणतात. न कळणारं बोलणं. पण ब्रेतॉन बोलीत बारा म्हणजे पाव आणि ग्विन म्हणजे द्राक्षाची दारू. ती माणसं जेवण मागत होती. साहेब म्हणाले, “सगळे पंडित हे मानत नाहीत. पण तुमच्या बहिणीला हे कळवा, आजच कळवा.”

अक्का, मी खाणावळीत जे केलं त्याची आता लाज वाटते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एक कर. ती काय म्हणते एवढंच ऐकू नको. कधी म्हणते, त्या वेळी कशाकडं बघते, ते बघ आणि लिहून ठेव. सिकंदराबादच्या छावणीत मुलखामुलखाची माणसं आहेत. मी तिची वाक्यं घेऊन तिथं हिंडतो. हवालदाराला तेवढे दिवस थांबवता येतं का बघ.

शिवरुद्र

०

सेलू
ता. २४ जानेवारी १९३७

चि. शिवरुद्र यास अनेक आशीर्वाद.

ती जेवली.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी कागद-शिसपेन पदरात बांधून हिंडले. घागरीकडं बघून ती वेळ्ळम म्हणती. दिलं पाणी, पिली. मग मी चूल पेटवली की ती काय म्हणती ते ध्यानात घेतलं. एक शब्द नाकातून येतो, लिहायला जमत न्हाई, कन्नी किंवा कण्णी असा. इतके दिस मला वाटलं ती कन्या म्हणायलीय. पण म्हणायची चुलीकडं बघून, आन हाताची ओंजळ करायची. मला एकदम आपल्या आईच्या हातच्या कण्या आठवल्या. तांदूळ भरडले, भरपूर पाण्यात शिजवले, मीठ टाकून पातळच तिच्यापुढं ठेवले. तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली आन वाफंवर तोंड धरून बसली. मग सगळं पिली. अजून मागितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणल्या, “अगं, ही तर गंजी. आमच्याकडं आजाऱ्याला देत्यात. इतके दिस मला कसं ऐकू आलं न्हाई?” दुसऱ्या दिवसापासून त्याच करून देत्यात, मला हात लावू देत न्हाईत.

आता दुसरं. एंडे मोळ एविडे हे ती कधी म्हणती, तर गाडीची शिट्टी झाली की. सकाळच्या गाडीला बी, संध्याकाळच्या गाडीला बी. दाराकडं बघती आन हात जमिनीपासून कंबरेएवढा वर धरती. खिळा काय कंबरेएवढा असतो? शिवरुद्र, तिचं लेकरू त्या गाडीत ऱ्हायलं. मला दुसरं काही वाटत न्हाई.

हे मी तुझ्या दाजींना सांगितलं तवा ते ताटावरून उठून टोपी घालून चौकीत गेले. ‘मी लिंगराज दुकानदार, बाईला जामीन हाय’ असं लिहून दिलं. अमीनसाहेबांनी शिवरात्रीपर्यंत मुदत दिली.

तू शोध.

तुझी अक्का

०

हैदराबाद
ता. ४ फेब्रुवारी १९३७

ती. अक्कास शरणार्थ.

सापडलं.

छावणीत तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी एक तमिळ स्वयंपाकी भेटला. वाक्य ऐकून म्हणाला, हे आमचं नाही, पण आमच्या शेजाऱ्याचं आहे, दवाखान्यातल्या मरियम्मा सिस्टरला विचारा. ही मरियम्मा मलबारकडची ख्रिस्ती बाई. हातात पट्ट्यांचं तबक घेऊन घाईनं चालली होती. मी मागनं चालत चालत वाचलं, एंडे मोळ एविडे. ती थांबली. तबक खिडकीत ठेवलं आणि मला उर्दूत विचारलं, “हे कोण म्हणतंय?”

मी सांगितलं, सेलूची एक बाई म्हणते, अडीच महिने म्हणते.

“आणि तुम्हाला अर्थ माहीत नाही?”

“नाही.”

“ती म्हणते, माझी मुलगी कुठे आहे.”

अक्का, तुला आधीच कळलं होतं. मी तिथंच बाकावर बसलो. मरियम्मानं मला पाणी दिलं आणि म्हणाली, आता रडत बसू नका, लिहून घ्या. तिनं सांगितलेली वाक्यं बाळबोधात लिहिली आहेत, सावकाश वाचून दाखव.

पेडिक्केंडा: भिऊ नको.
पेर एंदा: नाव काय?
नाड एदा: गाव कुठलं?

सोबत तिनं मल्याळी लिपीत एक पत्र दिलं आहे. बाईला वाचता येत असेल तर उत्तर लिहून घे आणि ते माझ्याकडं पाठव. बाई वेडी नाही, असं साहेबांनी अमीनसाहेबांना उर्दूत कळवलं आहे.

‘गिबरिश’खालची ती चिठ्ठी मी साहेबांना दाखवून फाडली.

शिवरुद्र

०

सेलू
ता. ९ फेब्रुवारी १९३७

चि. शिवरुद्र,

पेडिक्केंडा म्हणले आन तिनं माझं मनगट धरलं. मी परत म्हणले. ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली, जसं काय भिंत बोलली. नाव पारुकुट्टी. गाव ओट्टपालम. पत्र तिला वाचता आलं. तीनदा वाचलं, उशाशी ठेवलं, परत काढून वाचलं. तिनं लिहिलेले चार कागद सोबत धाडलेत. लिहिताना गोल गोल अक्षरं कागदावर मुंग्यांसारखी धावत होती. लवकर कळव.

अक्का

०

हैदराबाद
ता. १५ फेब्रुवारी १९३७

ती. अक्कास शरणार्थ.

मरियम्मानं वाचून सांगितलेलं थोडक्यात लिहितो.

पारुकुट्टी काशीहून गावच्या मंडळींबरोबर परतत होती. सोबत दहा वर्षांची मुलगी, अम्मिणी. पुरुषमंडळी दुसऱ्या डब्यात, या दोघी बायकांच्या डब्यात. सेलूला गाडी थांबली तेव्हा मुलगी झोपली होती. हिला तापानं तहान लागली म्हणून तांब्या घेऊन पाण्याला उतरली, आणि नळापाशी चक्कर येऊन पडली.

आम्ही ओट्टपालमला तार केली. तिच्या भावाचं उत्तर आलं आहे. मुलगी त्यांच्याजवळ नाही. पूर्णेला डबा पाहिला तर दोघीही नव्हत्या. दोन दिवस त्यांनी पूर्णेला शोधलं, पण त्यांना ना उर्दू येत होती ना मराठी, आणि त्यांचं कुणाला कळलं नाही. दोघी वाटेत कुठंतरी गाडीतून पडल्या असं समजून ती माणसं घरी गेली. गाडीभाड्याची सोय झाली की तो भाऊ निघणार आहे.

म्हणजे मुलगी सेलू आणि पूर्णेच्या मध्ये कुठंतरी उतरली. मधे मानवत रोड आणि परभणी ही मोठी स्टेशनं. दाजींना सांग. पारुकुट्टीला काय सांगायचं ते मला कळत नाही.

शिवरुद्र

०

सेलू
शिवरात्रीनंतरचा सोमवार

चि. शिवरुद्र यास अक्काचे आशीर्वाद.

महिनाभर पत्र न्हाई म्हणून तू काळजीत असशील. काय काय झालं ते आता सगळं सांगते.

तुझे दाजी दुकान बंद करून मानवत रोडला गेले, तिथं काही कळलं न्हाई. मग परभणीला गेले. तिथं दोनदा हेलपाटा झाला. तिसऱ्या खेपंला एक हमाल म्हणला, कार्तिकात एक पोरगी गाडीतून उतरून फलाटावर धावत होती, काहीबाही बोलत होती, लोक जमले, हसले, तशी ती गप झाली. स्टेशनावर पेरू विकणारी बायनाबाई तिला आपल्या गावी पोखर्णीला घेऊन गेली.

पोरीचा मामा परवा आला. मग आमी पोखर्णीला निघालो. पारुकुट्टी, तिचा भाऊ, मी आन तुझे दाजी. परभणीपासून बैलगाडी केली. दोन्ही बाजूला ज्वारी काढून झालेली रानं, ऊन धुरकट. नरसिंहाच्या देवळाचं शिखर दिसायला लागलं तशी पारुकुट्टी गाडीतून उतरली आन बैलांच्या पुढं चालायला लागली.

बायनाबाई देवळाच्या मागंच ऱ्हाती. माणूस वारलेला, मूलबाळ न्हाई, दोन गायी. आमाला बघून दारात आली. तुझ्या दाजींनी विचारलं तशी म्हणली, “हाय की माझ्यापाशी. पर ती मुकी हाय. चार महिन्यांत तोंडातनं शब्द न्हाई. मी तिला मुकीच म्हणते.”

तेवढ्यात गोठ्यातनं पोरगी आली. परकर खोचलेला, हातात बादली. पारुकुट्टीनं हाक मारली, “मोळे.” आवाज कसला, नुसती हवाच. पोरीनं बादली ठेवली, नीट ठेवली, सांडू दिली न्हाई. मग आली आन आईच्या पोटात तोंड खुपसलं. दोघी बोलायला लागल्या. दोघी एकदमच बोलत होत्या. मामा रडत होता. आमी सगळे तिथंच उभे, कुणाला एक अक्षर कळत न्हाई, आन कुणाला तिथून हालावंसं वाटत न्हाई.

बायनाबाई उंबऱ्यावर खाली बसली. म्हणली, “मुकी नव्हती तर.” मग म्हणली, “न्या. तुमचीच हाय.” आन पदरानं पाय पुसत ऱ्हायली, पायाला काही नसताना.

पोरीनं ते बघितलं. आईचा हात सोडून ती उंबऱ्यापाशी गेली आन म्हणली, “माय, ती माझी आई हाय.”

शिवरुद्र, आपल्या बोलीत. अगदी पोखर्णीच्या बायका बोलत्यात तसं. बायनाबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं.

“तुला बोलता येतं?”

“येतं.”

“मग इतके दिस का बोलली न्हाईस?”

“हसले होते.”

“मी हसले होते का?”

पोरीनं जरा विचार केला. “न्हाई. तू न्हाई.”

बायनाबाईनं आमाला जेवल्याबिगर सोडलं न्हाई. पारुकुट्टीनं त्या दिवशी भाकर खाल्ली, पुरी एक. निघताना दोघी बाया एकमेकींसमोर उभ्या ऱ्हायल्या. पारुकुट्टीनं काहीतरी सांगितलं, पोरीनं मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर बायनाबाई म्हणली, “राहू दे. कळलं.”

उद्याच्या गाडीनं ते तिघं गावी जातील. हैदराबादला गाडी बदलताना तू आन ती मरियम्मा सिस्टर स्टेशनावर या. मी पारुकुट्टीला तसं सांगून ठेवलंय, पोरीकडून. सासूबाईंनी वाटंसाठी तांदळाची पिशवी भरलीय.

आमची बैलगाडी पोखर्णीतनं निघाली तवा पोरगी मागं तोंड करून बसली. बायनाबाई सोबत चालत होती, एक हात गाडीच्या साटीवर. आन ती पोरगी बोलायला लागली, चार महिन्यांचं साठलेलं. “माय, लाल गायीच्या डाव्या अंगानं जाऊ नको, ती लाथ मारती. विळा मी वळचणीला खोचलाय. मीठ वरच्या मडक्यात हाय, खालच्यात मुंग्या झाल्यात. कालवडीला दोनदा पाणी दाखव, एकदा दाखवलं तर ती पीत न्हाई. रातच्याला तुला खोकला येतो तवा कुशीवर झोपत जा.” वेशीपाशी बायनाबाई थांबली. गाडी पुढं गेली, पोरीचा आवाज मोठा होत गेला, आन लांबून ऐकू येईस्तोवर बायनाबाई एकेका शब्दाला व्हय म्हणत उभी होती.

तुझी
अक्का